सुलट पुरलेल्या मेढी

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य म्हणजे केवढं, तर राजा सकाळी शिंकला की वेशीवरची माणसं म्हणत, "उठले महाराज." एवढंसं. पण राज्य लहान असलं तरी कायदे भरपूर होते. लहान राज्यात असंच होतं, बरं का. माणसं थोडी, म्हणून एकेकाच्या वाट्याला कायदे जास्त येतात.

त्या राज्यात अगदी शेवटचं घर आवडाचं. तिच्या अंगणाला कुंपण, आणि कुंपणापलीकडे रान. घरात ती एकटीच. पण एकटी तरी कशी म्हणायची? तिच्याकडे आठ कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा होता. काजळी होती, तुरेवाली होती, शेपूट नसलेली भुंडी होती, पायांवर पिसं असलेली झिपरी होती. अंडी विकून आवडा मीठ आणायची, तेल आणायची, वर्षाला एक लुगडं घ्यायची. संध्याकाळी कोंबड्यांना कण्या टाकायची आणि दिवसभरात काय काय झालं ते त्यांना सांगायची. कोंबड्या ऐकायच्या. निदान मान तरी वाकडी करायच्या.

आवडाचा स्वभाव गोड. कुणाला कधी टोचून बोलायची नाही. पण एक होतं. अन्याय तिला सोसत नसे. मग तो कुणावरही होवो. शेजारच्या पोराला उगाच रट्टा बसला तरी हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आता त्या राज्यातला एक कायदा ऐका. 'ज्याला राखता येत नाही, त्याने बाळगू नये.' असा कायदा. म्हणजे काय, तर रानच्या जनावराने कुणाची कोंबडी नेली की राजाचा कारभारी यायचा आणि त्या घराच्या दारावर गेरूची एक रेघ ओढायचा. दुसरी गेली की दुसरी रेघ. आणि तिसरी रेघ पडली की उरलेल्या सगळ्या कोंबड्या राजाच्या खुराड्यात न्यायच्या. ते खुराडं दगडी होतं. तिथे गेलेली कोंबडी पुन्हा कुणाला दिसली नव्हती. राजवाड्यात जेवणं मात्र रोज होत होती.

तर काय झालं, आवडाचं खुराडं होतं जमिनीवर. मातीचं, वर गवत. आणि रानात होती एक घूस. घूस माहीत आहे ना? उंदराची थोरली बहीण. मांजराएवढी होते आणि जमिनीखालून चालते. ती आपली बीळ उकरत उकरत आली आणि बरोबर खुराड्याच्या मधोमध वर निघाली. अंडी फोडली. झिपरीच्या पायाला अशी चावली की ती बिचारी दुपारपर्यंतसुद्धा जगली नाही.

आवडाने झिपरीला घरामागच्या परड्यात पुरलं. हात धुतले. तेवढ्यात कारभारी दारात हजर. त्याचं नाव फत्तेराव. आधी पोट यायचं, मग फत्तेराव यायचा. त्याने बीळ बघितलं, पिसं बघितली, आणि खिशातून गेरूचा खडा काढून दारावर एक रेघ ओढली.

आवडा म्हणाली, "थांबा कारभारी. कोंबडी कुणी मारली?"

"घुशीने. हे काय बीळ समोर दिसतंय."

"मग चोरी घुशीने केली आणि रेघ माझ्या दाराला?"

"घुशीला कुठे दार आहे?" फत्तेराव म्हणाला. "असतं तर तिच्या दारावर ओढली असती." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत हसत तो निघून गेला.

आवडाला त्या दिवशी भाकरी गेली नाही. झिपरी गेल्याचं दुःख होतं. पण ती रेघ. रेघ तिला जास्त टोचत होती. येता जाता दिसायची. जणू काही हिनेच झिपरीचा गळा दाबला होता.

मग ती गेली तानू मेस्त्रीकडे. तानू मेस्त्री गावचा सुतार. तो म्हणाला, "वहिनी, खुराडं उचलून वर घ्या. जमिनीवर ठेवलंत म्हणजे घुशीला पान वाढून ठेवल्यासारखं झालं." त्याने ऐनाच्या लाकडाच्या चार मेढी आणल्या. मेढ म्हणजे खांब, बरं का. त्यांची साल काढली. खालचं टोक विस्तवावर भाजलं, म्हणजे वाळवी लागत नाही. आणि पुरताना मेढी उलट्या पुरल्या. झाडावर असताना जो शेंडा वर होता तो जमिनीत, आणि बुंधा वर. त्या गावात सगळे असंच करायचे. उलटी पुरली की मेढ पालवत नाही, ओल वर चढत नाही, असं म्हणायचे. मग चार मेढींवर बांबूच्या कामट्यांचं खुराडं बसवलं. वर जायला एक फळी लावली. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की आवडा फळी काढून घरात ठेवायची.

घूस आली. मेढींभोवती फिरली. वर बघितलं, खाली बघितलं, आणि गेली निघून. आवडाला बरं वाटलं.

पण मुंगूस दिवसा येतं. त्याला अंधाराची काय गरज? त्याला लाजच नसते. भरदुपारी आवडा ओढ्यावर धुणं धूत होती. भुंडी अंडं घालायला वर बसली होती. फळी लावलेलीच होती, पण मुंगसाने फळीसुद्धा वापरली नाही. गुळगुळीत मेढीवरून सरसर वर चढलं, अंडं खाल्लं आणि भुंडीला घेऊन गेलं. आवडा आली तेव्हा कुंपणापर्यंत पिसांची रांग लागली होती.

आणि पाठोपाठ पोट, आणि पोटापाठोपाठ फत्तेराव. दुसरी रेघ.

"अहो, मुंगसाने नेली," आवडा म्हणाली. "मी काय करायचं बाकी ठेवलं? खुराडं वर घेतलं. पदरचं धान्य देऊन मेढी आणल्या."

"खुराड्याला पाय दिलेस," फत्तेराव म्हणाला, "आता पायांना राखण दे."

"मी राखण देते. आणि तुम्ही काय देता?"

"मी रेघ देतो," फत्तेराव म्हणाला. "अजून एक शिल्लक आहे."

मुलांनो, राग असा असतो की तो कधी कधी डोळ्यांतून पाणी होऊन येतो. आवडा रडली नाही, पण डोळे चुरचुरले. सहा कोंबड्या राहिल्या होत्या. एक चूक झाली की सहाच्या सहा जाणार. काजळी जाणार, तुरेवाली जाणार. आणि चूक तरी कुणाची? घुशीने खाल्लं, मुंगसाने खाल्लं, आणि शिक्षा जिचं खाल्लं तिला. असं कुठे असतं का?

तानू मेस्त्री म्हणाला, "वहिनी, गुळगुळीत मेढ मुंगसाला रस्ता वाटतो. काटेरी लाकूड हवं. माझ्याकडे नाही. रानात मिळालं तर बघा."

मग आवडाने कोयती घेतली, पदरात मूठभर तांदूळ बांधले आणि रानात गेली. त्या गावाची रीत होती, झाडाला विचारल्याशिवाय कोयती लावायची नाही. आधी तांदूळ ठेवायचे, हात लावायचा, विचारायचं. बाकीचे नुसते पुटपुटायचे आणि तोडायचे. आवडा मात्र खरंच विचारायची आणि उत्तराची वाट बघत उभी राहायची. म्हणून तिला उत्तर मिळायचं.

पहिल्यांदा लागला साग. उंच, सरळ. आवडाने तांदूळ ठेवले, हात लावला. "बाबा, चार फांद्या देतोस का? माझ्या कोंबड्यांना राखण हवी."

साग वरून म्हणाला, "मी राजवाड्याच्या दाराला जाणार आहे. कोंबड्यांची शीट अंगावर घ्यायला नाही जन्मलो." आवडा म्हणाली, "बरं. तुझा तांदूळ तुला." आणि पुढे गेली.

मग लागला फणस. त्याने विचार करायला फार वेळ घेतला. शेवटी म्हणाला, "देतो. पण माझं लाकूड कीर्तनकाराच्या मृदंगाला मागितलंय. त्याला विचारून ये." कीर्तनकार राहत होता सात गावं पलीकडे. आवडा पुढे गेली.

मग लागला पांगारा. अंगभर काटे. लाल फुलं, पण वास नाही. आवडाने हात लावला तर बोटाला काटा टोचला. पांगाराच म्हणाला, "चुकून लावलास ना हात? मला कुणी विचारत नाही. चुलीत घातला तरी माझा नुसता धूर होतो."

"चुकून नाही," आवडा म्हणाली. "तुलाच विचारते आहे. चार मेढी हव्यात."

पांगाऱ्याने एक फांदी खाली वाकवली. मग हळूच म्हणाला, "चार काय, आठ घे. पण एक कर. माझी साल काढू नकोस, मला थंडी वाजते. आणि माझं डोकं मातीत घालू नकोस. तुम्ही माणसं मेढी उलट्या पुरता. श्वास कोंडतो आमचा."

आवडाला हे कधी सुचलंच नव्हतं. तिने मनात आणून बघितलं. खरंच की. काही गुन्हा नाही, काही नाही, आणि जन्मभर डोकं खाली पाय वर. तिला झाडाच्या वतीने राग आला. "नाही पुरणार उलट्या," ती म्हणाली. "कोण काय म्हणायचं ते म्हणू दे."

आणि सगळे म्हणालेच. तिने साल ठेवली, टोक भाजलं नाही, आणि मेढी सुलट पुरल्या. तानू मेस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, "वहिनी, माझ्या पणजोबापासून कुणी सुलट मेढ पुरली नाही. पालवी फुटेल. खुराडं हलायला लागेल." येणारे जाणारे थांबायचे, बघायचे, हसायचे. म्हणायचे, "आवडाने खुराडं नाही बांधलं, झाड लावलंय."

आठ दिवसांत मेढींना पालवी फुटली. हिरवी, मऊ. तानू मेस्त्री म्हणाला, "सांगितलं होतं."

आणि नवव्या दिवशी संध्याकाळी घूस आली. मेढीवर पुढचे पाय टेकले आणि नाकात काटा घुसला. चीं करून पळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगूस आलं. त्याने मागे जाऊन धाव घेतली, दोन हात वर चढलं, आणि पोट खाजवत खाली उतरलं. तिसऱ्या दिवशी रात्री आलं रानमांजर. रानमांजर चढत नाही, ते उडी मारतं. अंगावर पट्टे, कानांना टोकं. ते दबा धरून बसलं आणि खुराड्याच्या दारावर झेप घेतली.

मग काय झालं असेल?

चारही मेढी सरसर वर वाढल्या. माणसाएवढं उंच खुराडं दोन माणसांएवढं उंच झालं. मांजराची झेप खालून निघून गेली. त्याने पुन्हा उडी मारली. मेढी पुन्हा वर. तिसऱ्यांदा उडी मारली. खुराडं अंगणातल्या आंब्याच्या शेंड्याला टेकलं. आत कोंबड्या झोपेत कुरकुरल्या, एवढंच. मांजर कंटाळून गेलं. सकाळी कोंबड्यांनी खाली यायचं म्हणून कलकलाट केला, तेव्हा मेढी सावकाश खाली बसल्या. म्हातारा माणूस पाटावर बसतो ना, गुडघ्यावर हात ठेवून, तशा.

आवडाने चारही मेढींना पाणी घातलं. कुणाला काही सांगितलं नाही.

मग काजळी खुडूक बसली. खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसली. आवडाने टोपलीत गवत घातलं, वर अकरा अंडी मांडली. गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून कोळशाचा तुकडा आणि एक लाल मिरची ठेवली. एकवीस दिवस बसायचं असतं. काजळी वीस दिवस बसली होती. दाणे टिपायला म्हणून दिवसातून एकदा खाली यायची आणि लगेच वर जायची.

त्या विसाव्या दिवशी, सूर्य बुडता बुडता, फत्तेराव आला. पोट आधी आलंच. उपरण्यात सुकट बांधलेली होती. कुठल्या तरी घरातून आणली असणार. त्याने अंगणातल्या कोंबड्या मोजल्या.

"पाच," तो म्हणाला. "सहावी कुठे?"

"आत आहे. खुडूक बसलीय."

फत्तेराव हसला. "कोंबडी गेली की सगळ्यांचीच खुडूक बसते." आणि त्याने गेरू काढला.

आवडा दाराला पाठ लावून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "कायद्यात काय म्हटलंय? कोंबडी गेली तर रेघ. दिसली नाही तर रेघ, असं नाही म्हटलेलं. बघितल्याशिवाय मी रेघ ओढू देणार नाही. दोन रेघा अन्यायाने ओढल्यात, त्या सोसल्या. तिसरी न बघता ओढायची असेल तर आधी माझ्या कपाळावर ओढा."

आता कारभाऱ्याला इतकं स्पष्ट कुणी बोललेलं नव्हतं. तो म्हणाला, "बरं. बघतो. आणि आत कोंबडी नसली तर याच पावली सगळ्या घेऊन जातो."

"जपून," आवडा म्हणाली. "तिला उठवू नका. आजची रात्र गेली की पिल्लं येतील."

फत्तेराव फळीवर चढला. फळी कण्हली. खुराड्याचं दार आवडाला आत शिरून झाडता यावं एवढं होतं, आणि फत्तेराव दोन आवडांएवढा. त्याने डोकं घातलं. मग खांदे. मग बराच वेळ काही झालं नाही. मग एकदम सगळाच आत गेला. आत अंधार. अंधारात काजळीने त्याच्या नाकावर टोच मारली, म्हणजे ती होती हे त्याला कळलं.

आणि तेवढ्यात कुंपणावर रानमांजर येऊन बसलं. त्याला सुकटीचा वास आला होता.

आवडाने झटकन पाच कोंबड्या आणि कोंबडा घरात नेले, बांबूच्या डालग्याखाली झाकले. चूड, म्हणजे गवताची मशाल, पेटवून बाहेर आली. मांजराने झेप घेतली. मेढी सरसर वर गेल्या. फळी खाली पडली. पांगाऱ्याला कुठे ठाऊक, आत कारभारी आहे की कोंबडी आहे. आत जो आहे त्याला राखायचं, एवढंच त्याला कळत होतं.

"आवडे," वरून आवाज आला. "हे काय झालं? मला खाली घे."

"मी कशी घेऊ? खाली मांजर आहे. ते गेल्याशिवाय मेढी बसत नाहीत."

"मग हाकल त्याला."

"हाकलतेच आहे. रोज हाकलते. तुम्हाला आज ऐकू आलं."

मांजर चुडीपुढून पळायचं आणि घरामागून परत यायचं. मग घूस आली. जमिनीखालून खरखर करत मेढींच्या मुळाशी गेली. वर फत्तेरावाला ते ऐकू येत होतं. खुराड्यात बसलं की सगळं ऐकू येतं, बरं का. दात ऐकू येतात. नखं ऐकू येतात. आणि हलायला जागा नसते, दार सापडत नाही. फत्तेरावाने उपरण्याची गाठ सोडली आणि सगळी सुकट खाली फेकली, की मांजर खाईल आणि जाईल. मांजराने खाल्ली. आणि वर बघत बसून राहिलं. त्याला वाटलं, अजून पडेल.

"गेलं का?" फत्तेराव विचारायचा.

"नाही."

थोड्या वेळाने पुन्हा. "आवडे, आहेस ना खाली?"

"आहे," आवडा म्हणायची. "जाईन कुठे? माझी काजळी आहे वर." मग थोडं थांबून म्हणायची, "आणि तुम्ही आहात. पाय आखडून बसा. अंड्यांना लागू देऊ नका."

तिला राग नव्हता असं नाही. राग होता. चुडीसारखा धगधगत होता. पण राखायचं म्हटलं की राखायचं. ती रात्रभर चुडी पेटवत मेढींभोवती फिरत राहिली.

सकाळी राजवाड्यात राजा शिंकला, उठला. कारभारी कुठे म्हणून विचारलं. कुणी म्हणालं, वेशीवर मोजणीला गेला तो आलाच नाही. राजा स्वतः निघाला. मागे गाव निघालं. माणसांची गर्दी बघून मांजर पळालं, घूस बिळात गेली. मुंगूस नुकतंच येत होतं, ते आल्या पावली मागे फिरलं. सगळ्यांनी वर बघितलं. आंब्याच्याही वर खुराडं, भोवती पांगाऱ्याची लाल फुलं, आणि खुराड्याच्या दारातून कारभाऱ्याच्या पागोट्याचा शेमला लोंबतोय.

राजा म्हणाला, "बाई, खुराडं तुझं आहे ना? माझ्या माणसाला काही झालं तर जबाबदार तू."

आवडाचे डोळे जागून लाल झाले होते. हाताला काजळी लागली होती, चुडीची. ती पुढे आली.

"महाराज," ती म्हणाली, "हे कारभारी कुणाचे?"

"माझे."

"मग त्यांची राखण कुणी करायची?"

राजाने वर खुराड्याकडे बघितलं.

"कायदा तुमचाच आहे. ज्याला राखता येत नाही, त्याने बाळगू नये. रात्रभर खाली मांजर होतं, घूस होती. तुम्ही राखलं नाहीत. राखलं ते या चार मेढींनी आणि मी. आता मला सांगा, मांजराने यांना नेलं असतं तर रेघ कुणाच्या दाराला ओढायची होती? मांजराच्या? त्याला दार नाही. कारभारी म्हणतात, ज्याचं जनावर गेलं त्याच्या दाराला. म्हणजे राजवाड्याच्या."

तानू मेस्त्री उगाच खोकला.

आवडा म्हणाली, "माझ्या दोन गेल्या. मी चोरी केली नाही, मी मारल्या नाहीत. मी एकीला पुरलं, दुसरीची नुसती पिसं बघितली. आणि माझ्याच दाराला डाग. रान तुमचं, वेस तुमची, कोतवाल तुमचे. रानातून जनावर आलं तर वेशीवर ते कुणी अडवायचं होतं, महाराज? मी मीठ आणायला गेले तरी दुकानदार विचारतो, तुझ्या दाराला रेघा किती. घुशीला कुणी विचारत नाही. तुम्हाला कुणी विचारत नाही."

तेवढ्यात वरून फत्तेरावाचा आवाज आला. अगदी बारीक. "महाराज, तिचं बरोबर आहे. आत बसल्यावर कळतं."

मेढी हळूहळू खाली बसल्या. आधी पालवी, मग फुलं, मग खुराडं. तानू मेस्त्री आणि चार माणसांनी धरून फत्तेरावाला बाहेर ओढलं. मिशांत पिसं, नाकावर टोचलेलं. दोन्ही हातांची ओंजळ छातीशी धरलेली. ओंजळ उघडली तर आत पिवळं पिल्लू. ओलं, डोळे मिचकावणारं.

"हे टोपलीबाहेर पडत होतं," तो म्हणाला. आणि सगळ्या गावासमोर त्याने मोजून सांगितलं, "काजळी आहे. पिल्लं दहा. एक अंडं राहिलंय."

राजा वाईट नव्हता, बरं का. त्याने कधी खुराड्याखाली उभं राहून बघितलं नव्हतं, एवढंच. तो आवडाच्या दाराशी गेला. शेल्याचं टोक ओलं करून त्याने स्वतः दोन रेघा पुसल्या. पुसताना त्याला वेळ लागला. गेरू लाकडात मुरला होता. मग तो राजवाड्यात गेला आणि दिंडीदरवाज्यावर, सागाच्या नक्षीदार फळीवर, दोन रेघा ओढल्या. एक झिपरीची, एक भुंडीची.

आणि त्या दिवसापासून कायदा बदलला. वेशीच्या आत कुणाची कोंबडी जनावराने नेली, की रेघ राजवाड्याच्या दाराला. तीन रेघा पडल्या की राजाने स्वतः चूड घेऊन एक रात्र वेशीवर उभं राहायचं. पहिल्या वर्षी राजा दोनदा उभा राहिला. मग मात्र त्याने भराभर कामं काढली. वेशीवर पहारा बसवला. घुशींची बिळं दगडांनी बुजवली. आणि ज्याच्या त्याच्या खुराड्याला पांगाऱ्याच्या मेढी दिल्या, सालीसकट, सुलट पुरलेल्या. पुरायच्या आधी प्रत्येक झाडापुढे मूठभर तांदूळ ठेवून, विचारून.

घूस, मुंगूस आणि रानमांजर रानातच राहिली. रानात त्यांना खायला पुष्कळ होतं. राजवाड्यातले लोक भाजीभाकरी खायला शिकले. फत्तेराव अजून मोजणीला यायचा, पण आल्यावर आधी विचारायचा, "काही हवं नको आहे का?" काजळीला बघितलं की मात्र नाकावर हात धरायचा.

आवडा सुखात राहिली. तिच्या कोंबड्या सुखात राहिल्या. तिच्या खुराड्यावर वर्षातून एकदा लाल फुलं यायची, आणि ती बघायला माणसं लांबून यायची.

झालं. आता पाय आत घ्या, पांघरूण ओढा. बाहेर काही खुडबुडलं तर घाबरायचं नाही. कोंबड्या आत आहेत, फळी काढलेली आहे, दाराला कडी आहे. मिटा डोळे.